आत्मोन्नति आणि घरचा उंबरठा

मनुष्याची उन्नति म्हणजे काय, हा प्रश्न जुनाच आहे. पण आपल्या काळांत त्याला जितकीं उत्तरें मिळूं लागलीं आहेत तितकीं पूर्वीं क्वचितच मिळालीं असतील. ध्यानाचीं शिबिरें आहेत, श्वासोच्छ्वासाचे वर्ग आहेत, मन शांत कसें ठेवावें हें शिकविणारीं पुस्तकें रेल्वेच्या फलाटावरहि विकत मिळतात. आणि ज्यांना तेवढीहि सवड नाहीं त्यांच्यासाठीं मोबाइलच्या पडद्याआडून दहा मिनिटांचें ध्यान सांगणारा आवाज हजर असतो. तरुण मंडळी या साऱ्याला 'पर्सनल ग्रोथ' म्हणतात, वडील मंडळी 'आत्मोन्नति' म्हणतात. नांवें दोन असलीं तरी अपेक्षा बहुधा एकच असते: मन निवावें, झोंप यावी, राग कमी व्हावा, आणि कालच्यापेक्षां आज आपण कांहींसे चांगले झालों आहों असें आपलें आपल्याला वाटावें.

या अपेक्षेंत वावगें कांहीं नाहीं. धकाधकीच्या संसारांत मनाला विसांवा मिळाला तर तो कोणाला नको आहे? परंतु विसांवा आणि उन्नति या दोन वस्तु एकच आहेत काय, अशी शंका आम्हांस वारंवार येते. विसांवा मिळाला कीं नाहीं, याची साक्ष आपलें मन देऊं शकतें. उन्नति झाली कीं नाहीं, याची साक्ष मात्र कोणीं द्यावयाची? आपणच वादी, आपणच साक्षीदार आणि आपणच न्यायाधीश, अशा दाव्याचा निकाल काय लागणार हें सांगावयास नको. नुसत्या तत्त्वचर्चेनें हें कोडें सुटणारें नाहीं, असें वाटल्यावरून आम्ही येथें इतिहासाकडे वळतों. एकोणिसाव्या शतकांत मुंबई-पुण्याकडील नवशिक्षित पिढीनें हाच प्रश्न मोठ्या निकडीनें स्वतःला विचारला होता. आणि त्या पिढीचीं उत्तरें, साधलेलीं तशींच फसलेलींहि, आपल्या घरांपासून फार दूरचीं नाहींत.

१८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस सभा निघाली. मराठी व्याकरणकार म्हणून ज्यांस आपण ओळखतों ते दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रवर्तकांपैकीं एक होत. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्र एका जातीचें आहे, आणि जातिभेद हा माणसानें केलेला खोटा भेद आहे, अशीं या सभेचीं मतें होतीं. नुसतीं मतें बोलून दाखविणाऱ्याला तेथें प्रवेश नसे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें लागे. आज आपल्याला या परीक्षेचें हंसूं येईल; परंतु त्या काळीं पावाचा एक तुकडा घशाखालीं उतरविणें म्हणजे आईबाप, सोयरीक, पंगत आणि श्राद्धपक्ष हें सर्व पणाला लावणें होतें. मताची परीक्षा कृतीनें घ्यावी हें या मंडळींनीं पुरतें ओळखलें होतें, यांत संशय नाहीं.

तथापि ही सर्व कृति बंद दाराआड चालत असे. सभा गुप्त होती. अनुयायांची संख्या पुरेशी वाढली म्हणजे मग प्रकट व्हावें, असा तिचा बेत होता. रात्रीं सभेंत पाव खाणारा गृहस्थ सकाळीं घरीं सोंवळ्यानें जेवावयास बसे. पुढें १८६० मध्यें सभेचें दप्तर चोरीस गेलें, सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं, आणि सभा विरून गेली. हे लोक भित्रे होते, असें म्हणून मोकळें होणें आज सोपें आहे. परंतु बहिष्काराचा अर्थ काय हें आपण विसरतां कामा नये. मुलीचें लग्न अडे, मर्तिकाला खांदा मिळत नसे, न्हावी आणि भटजी घराची पायरी चढत नसत. तेव्हां या मंडळींच्या धैर्याचें माप आपल्या सुरक्षित खुर्चींत बसून घेणें अन्यायाचें होईल. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, जी गोष्ट मनुष्य आपल्या घरच्या माणसांपासून लपवितो, ती त्याच्या जीवनाचा भाग झालेली नसते. ती त्यानें दुसऱ्या कोठें तरी ठेवलेली असते, आणि ठेव चोरीस जाऊं शकते.

ही उणीव पुढच्या पिढीनें ओळखली. ३१ मार्च १८६७ रोजीं मुंबईस प्रार्थना समाजाची स्थापना झाली. दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग हे तिच्यांत प्रमुख होते. पुढें लवकरच रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे समाजास मिळाले. येथें गुप्तपणा राहिला नाहीं. आठवड्याची उपासना उघड होई, व्याख्यानें उघड होत, तुकोबांचे अभंग मोठ्यानें म्हटले जात. ज्यांना परक्या भाषेंतून एकेश्वराचा विचार भेटला होता, त्यांना आपल्याच संतांच्या वाणींत तो पुन्हा सांपडला. आणि सुशिक्षितांची प्रार्थना मराठींत बोलूं लागली. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु येथेंहि एक फट राहिली. समाजांत येणाऱ्यानें जात सोडलीच पाहिजे किंवा घरची मूर्तिपूजा बंद केलीच पाहिजे, असा नियम समाजानें केला नाहीं. हा नियम न करण्यांत दूरदृष्टि होती. माणसाला हळूहळू वाढूं द्यावें, कुटुंब मोडूं नये, हा विचार त्यामागें होता. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, मंदिरांतला मनुष्य आणि घरांतला मनुष्य हे दोघे निरनिराळे राहूं शकत. उपासनेच्या वेळीं सर्व मानव ईश्वराचीं लेकरें आहेत असें म्हणावें, आणि घरीं आल्यावर कोणाची पंगत कोठें हें आजीला ठरवूं द्यावें, असा एक सोयीचा संसार उभा राहिला. मन विशाल झालें होतें. घराचीं दालनें मात्र होतीं तेवढींच राहिलीं.

या फटींत एका थोर माणसाचा पाय कसा अडकला, तें १८७३ च्या वर्षानें दाखविलें. रानडे तेव्हां पुण्यास न्यायखात्यांत होते, वय एकतीस. विधवाविवाहाच्या चळवळींत त्यांचें नांव अग्रभागीं होतें, आणि या विवाहांना शास्त्राचा आधार आहे असें त्यांनीं विद्वत्तेनें प्रतिपादिलें होतें. त्या वर्षीं त्यांची पहिली पत्नी वारली. आतां रानडे काय करतात, इकडे स्नेह्यांचें आणि विरोधकांचें सारखेंच लक्ष लागलें. मुलगा विधवेशीं विवाह करील अशी वडील गोविंदराव यांना धास्ती होती. त्यांनीं तातडीनें वधू निश्चित केली. रानड्यांनीं पुष्कळ विनवण्या केल्या. पण शेवटीं वडिलांच्या शब्दापुढें त्यांनीं मान तुकविली. वर्षअखेर अकरा वर्षांची एक मुलगी त्यांची पत्नी म्हणून घरांत आली. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. याच पुढें रमाबाई रानडे झाल्या.

रानड्यांच्या अंतःकरणाच्या थोरवीविषयीं आम्हांस यत्किंचितहि संशय नाहीं. पितृभक्ति हाहि धर्मच होय, आणि वडिलांचें मन मोडूं नये म्हणून आपली अपकीर्ति पत्करणें यांत एक प्रकारचा त्यागहि आहे. परंतु त्या त्यागाची किंमत कोणीं दिली, हें पाहिलें पाहिजे. उपहास रानड्यांच्या वांट्याला आला हें खरें. पण ज्या अकरा वर्षांच्या मुलीला कोणीं विचारलें नव्हतें तिचें बाळपण त्यांत खर्ची पडलें. आणि एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द आपल्या पाठीशीं आहे, अशा आशेवर ज्या विधवा होत्या त्यांची आशाहि त्या दिवशीं एका पायरीनें खालीं उतरली. ज्या दोघींना घरांत बोलावयाचा अधिकार नव्हता, त्यांच्याच पदरांतून किंमत गेली.

योगायोग असा कीं, त्याच १८७३ च्या सप्टेंबरांत पुण्यांतच जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला. जोतीरावांचाहि ईश्वरावर विश्वास होता. त्याला ते निर्मिक म्हणत. परंतु त्यांच्या धर्माची खूण पाहावयाची असेल तर ती त्यांच्या घराच्या आवारांत सांपडते. १८६८ मध्येंच त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला होता. एका ब्राह्मण विधवेचें मूल त्यांनीं आणि सावित्रीबाईंनीं आपलें म्हणून वाढविलें. ज्यांस पेठेंत पाणी मिळत नव्हतें त्यांची घागर या हौदांत बुडाली, एवढीच ती गोष्ट. पण उन्नतीची साक्ष त्या घागरीनें दिली. हौद खुला करणाऱ्याला स्वतःच्या मनाचें काय झालें हें सांगत बसण्याची गरज उरली नाहीं.

येथें थांबून रानड्यांवर निकाल देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं; कारण त्यांच्या घरची कथा १८७३ मध्यें संपली नाहीं. लग्न झाल्यावर लगेच त्यांनीं त्या मुलीला शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडीलधाऱ्या बायकांना तें रुचत नव्हतें. सुनेनें वाचावें, त्यांतून इंग्रजी वाचावें, हा त्यांना संसाराचा अपमान वाटे. आणि दिवसभर त्यांच्यांत वावरून रात्रीं धडे घ्यावयाचे, अशी ओढाताण त्या मुलीच्या वांट्याला आली. तरीहि धडे बंद पडले नाहींत. पतीच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्यें, याच रमाबाईंनीं पुण्यांत सेवासदन उभें केलें. तेथें विधवा, परित्यक्ता आणि गृहिणी शिकूं लागल्या. १९१० मध्यें त्यांनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि मराठी गद्याला एक अक्षय लेणें मिळालें. चूक पुसतां आली नाहीं. परंतु चुकीनें जिचें नुकसान झालें तिच्यासाठीं जागा करून देत राहणें, हें रानड्यांनीं सत्तावीस वर्षें केलें. १९०१ मध्यें ते वारले तेव्हां त्यांच्यामागें राहिलेली स्त्री ही कोणाची सावली नव्हती. वाढ ही सरळ रेषेंत होत नसते, आणि एकदां घसरलेल्या माणसाला पुढचा मार्ग बंद होत नाहीं, हें या घरानें आपल्याला शिकविलें आहे.

पण घसरण्याचे प्रसंगहि एकदांच येत नाहींत. १८९० मध्यें पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं सुशिक्षित मंडळी जमली होती. तेथें चहा आणि बिस्किटें पुढें आलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं भिडेखातर पेला नुसता हातांत धरला. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणेवैभव' पत्रांत छापविलीं आणि गांवांत गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, प्रायश्चित्तें सांगितलीं गेलीं. लोकमान्य टिळकांचें नांवहि त्या यादींत होतें. आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. रानड्यांनीं १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें. बहिष्कारानें ज्यांचे संसार अडले होते अशा स्नेह्यांची सोय व्हावी, हा त्यांचा हेतु होता. हेतु कोमल होता. परंतु सुधारकांचीं मनें त्यानें दुखावलीं, आणि चहा पिणें हें पाप आहे या मतावर देशांतल्या एका श्रेष्ठ विद्वानाची सही झाली.

त्याच दोन-तीन वर्षांत दुसऱ्या दोन घरांत काय घडलें, तें याच्याशेजारीं ठेवून पाहावें. १८९१ मध्यें भांडारकरांनीं आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. भांडारकर हे संस्कृत विद्येचे महापंडित आणि प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ. त्यांची उपासना किती उत्कट होती हें त्यांच्या व्याख्यानांवरून दिसतें. जातवाल्यांचा रोष त्यांनीं शांतपणें सोसला. ज्यांना प्रार्थना आणि समाजसुधारणा या दोन वेगळ्या वाटा वाटतात, त्यांनीं या घराकडे पाहावें. मंदिरांत जें मागितलें तेंच माजघरांत दिलें गेलें.

दुसरें घर धोंडो केशव कर्वे यांचें. हे गणिताचे प्राध्यापक. ईश्वराविषयीं आणि मोक्षाविषयीं फारसें बोलणारे नव्हेत. पहिली पत्नी वारल्यावर ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत त्या शिकत होत्या. मुरूडच्या गांवकऱ्यांनीं कर्व्यांवर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ गांवांत राहणाऱ्या त्यांच्या आप्तांनाहि लागली. तेव्हां आमचाच आक्षेप येथें आमच्यावर उलटतो: कर्व्यांच्या धैर्याची किंमतहि दुसऱ्यांना द्यावी लागलीच कीं! होय, लागली. मनुष्य एकटा नसतो, आणि त्याच्या कोणत्याहि खऱ्या कृतीचे चटके त्याच्या माणसांना बसल्यावांचून राहत नाहींत. पण दोन गोष्टी पाहाव्या. एक, या किंमतींतला मोठा वांटा कर्व्यांनीं स्वतः उचलला. दुसरी, जिच्यासाठीं हें सर्व झालें, ती त्या घरांतली सर्वांत निर्बल मानलेली व्यक्ति होती, आणि तिला त्या दिवशीं उंबरठ्याच्या आंत स्थान मिळालें. पुढें १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्यें तो हिंगण्याच्या माळावर गेला. कॉलेजचें काम आटोपून हे गृहस्थ पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायीं जात, पावसाळ्यांत चिखल तुडवीत जात. १९४४ मध्यें, वयाचीं पंचाऐंशी वर्षें उलटल्यावर, त्यांनीं समता संघाची कल्पना हातीं घेतली. एवढ्या वर्षांत 'माझी आत्मोन्नति झाली' असें म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आली नसावी.

कोणी म्हणतील, हा सर्व समाजसुधारणेचा इतिहास झाला. आत्म्याचा प्रश्न निराळा आहे. हा भेद आपल्या परंपरेला मान्य नाहीं, असें आम्हांस वाटतें. एकनाथांनीं गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटांत महाराचें रडणारें पोर कडेवर घेतलें, ही कथा आपल्या आज्या-पणज्या पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. ती इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो. नाथांचा अधिकार कशावरून मोठा, हें सांगतांना लोकांनीं त्यांची समाधि किंवा ग्रंथ न सांगतां ही एवढीच गोष्ट निवडली, हें आमच्या मतें फार महत्त्वाचें आहे. लोकांना साक्षीदार कोण हें माहीत होतें. तें वाळूंत रडणारें पोर साक्षीदार होतें.

ध्यान, नामस्मरण, वाचन, चिंतन यांना आम्ही कमी लेखतों असें कोणीं समजूं नये. भांडारकरांचें बळ उपासनेंतूनच आलें, आणि मनाची स्थिरता नसती तर कर्व्यांचे पाय पहिल्याच पावसाळ्यांत थकले असते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ही तयारी आहे. आणि तयारीलाच फळ समजणें ही आपल्या काळाची भूल आहे. परमहंस सभेच्या सभासदांना निदान आपली कृति लपविण्याची लाज वाटत असेल. आपल्याला लपविण्यासारखी कृतिच उरली नाहीं. शिबिराची फी भरावी, दहा दिवस मौन पाळावें, परत यावें, आणि घर जेथें होतें तेथेंच असावें.

तेव्हां पहिल्या प्रश्नाकडे पुन्हा येऊं. उन्नतीची साक्ष कोणीं द्यावी? आम्हांस इतिहासानें दिलेलें उत्तर असें आहे कीं, आपल्या घरांत ज्याला सर्वांत कमी बोलतां येतें त्यानें ती द्यावी. १८७३ मध्यें ती साक्ष अकरा वर्षांच्या मुलीची होती. १८९१ मध्यें विधवा मुलीची होती. आज ती कोणाची आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांत पाहावें. कोणाच्या घरीं ती म्हातारी आई असेल, जिच्या औषधाची वेळ सर्वांना पाठ आहे, पण जिच्याशीं बोलावयास कोणाला वेळ नाहीं. कोणाच्या घरीं ती नोकरी करून आल्यावर पुन्हा ओट्याशीं उभी राहणारी सून असेल.

आणि पुष्कळांच्या घरीं ती भांडीं घासावयास येणारी बाई असेल. पंचहौदाच्या चहाला सव्वाशे वर्षें उलटून गेलीं. त्या प्रायश्चित्ताची गोष्ट आपण आपल्या मुलांना हंसत हंसत सांगतों. परंतु आपल्यांतल्या कित्येकांच्या स्वयंपाकघरांत, खिडकीच्या कट्ट्यावर, इतर कपांपासून अलग असा एक कप अजून उपडा घातलेला असतो. काम आटोपल्यावर बाई त्यांत चहा घेते, जमिनीवर बसून घेते, आणि आपलाच कप आपण विसळून पुन्हा तेथेंच उपडा घालते. तिला हें कोणीं सांगितलें नसेल. सांगावें लागलें नाहीं, हेंच त्यांतलें दुःख. त्या घरांत पहांटे ध्यान होत असेल, संध्याकाळीं हरिपाठ होत असेल. तो अवश्य व्हावा. पण आपली वाढ कोठवर आली हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें उद्यां सकाळीं तो कप इतर कपांत मिसळून ठेवावा, बाईला समोर खुर्ची द्यावी, आणि घरांत त्या क्षणीं कोणाकोणाच्या मनाची शांति ढळते तें पाहावें. त्यांत आपलें स्वतःचें मनहि असेल, तर खरी साधना कोठें सुरू करावयाची हें त्याला कळून आलें असें समजावें.